नॅकची 'ए' ग्रेड पाहून इंदूरमधलं कॉलेज निवडावं का?

ग्रेड बघा, पण तेवढ्यावर फी भरू नका. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था, सात निकषांवर गुण देते, त्यातला मोठा भाग कॉलेजनेच भरून पाठवलेल्या अहवालावर अवलंबून असतो. आमच्या कॉलेजात नॅकची पाहणी समिती यायच्या आठवड्यात भिंती रंगल्या, लायब्ररी रात्रीपर्यंत उघडी राहिली. नंतर पुन्हा कुलूप! शिवाय फेब्रुवारी 2025 मध्ये लाचेच्या आरोपावरून सीबीआयने पाहणी समितीतल्या सदस्यांनाच अटक केली होती. मान्यता साधारण पाच वर्षांची, तेवढ्यात चांगले प्राध्यापक निघूनही जातात. म्हणून ग्रेड कोणत्या वर्षाची, तेही विचारा. खरी माहिती हवी तर इंदूरच्या भंवरकुआँ भागात चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा: तास होतात का, प्रॅक्टिकल स्वतः करता की नुसती जर्नल उतरवता?