छोटा कॅमेरा आणि मोठी बॅग : वाचकांची प्रश्नोत्तरे

मिररलेस (आत आरसा नसलेला, म्हणून लहान आणि हलका) कॅमेरा घेतलेल्या वाचकांकडून हल्ली लेन्सपेक्षा बॅगेबद्दलच जास्त विचारणा होते. तक्रार बहुतेकांची सारखीच. कॅमेरा हलका हवा म्हणून आरसा असलेला जाडजूड डीएसएलआर विकला, पण बॅग मात्र जुनीच राहिली, नाहीतर नवी घेतली तीही जुन्याच मापाची. त्यांतले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न : माझ्याकडे फुजीफिल्म एक्स-टी३०, सोबतची १५-४५ आणि ३५ एफ/२ अशा दोन लेन्स आहेत. रविवारी लोकलनं फोर्ट, भायखळा, गिरगाव असा फोटो काढत फिरतो. बॅगांवर ३ लिटर, ६ लिटर, १० लिटर असं लिहिलेलं असतं. मी किती लिटरची घ्यावी? (डोंबिवली)

लिटर बाजूला ठेवा आणि मोजपट्टी घ्या. सहा लिटरची एक बॅग उभट आणि अरुंद असेल, दुसरी पसरट. एकीत तुमचा कॅमेरा अलगद बसेल, दुसरीत आडवातिडवा कोंबावा लागेल.

तुमचा कॅमेरा साधारण ११८ मिमी रुंद, ८३ मिमी उंच आणि ४७ मिमी जाड आहे. त्यावर १५-४५ लावली की एकूण खोली नऊ सेंटीमीटरच्या आसपास जाते. ३५ एफ/२ तर सहा सेंमी रुंद आणि पाच सेंमीपेक्षाही बुटकी. वर्तमानपत्र पसरा, त्यावर लेन्स लावलेला कॅमेरा आणि शेजारी दुसरी लेन्स ठेवा, पेन्सिलीनं चौकोन आखा. मधल्या कप्प्याच्या भिंतीसाठी एखाद सेंमी धरा. तुमच्याबाबतीत आतलं माप २२ × १५ × ९.५ सेंमी मिळालं तरी भागेल. म्हणजे झाले जेमतेम तीन लिटर. ऑनलाइन घेताना 'आतलं माप' दिलंय का ते बघा. नुसतं बाहेरचं दिलं असेल, तर प्रत्येक बाजूनं दीड सेंमी वजा करून हिशोब करा.

खरी गोम खोलीत आहे. बऱ्याच बॅगांचे कप्पे डीएसएलआरच्या हिशोबानं पंधरा-सोळा सेंमी खोल असतात. त्यात तुमची ३५ची लेन्स तळाला जाऊन बसते आणि समोर क्षण घडत असताना तुम्ही बोटांनी ती चाचपत असता. वरती दहा सेंमी रिकामी जागा उरते. ती रिकामी राहत नाही, हे आलंच! छत्री, पॉवर बँक, वडापावचा कागद, सगळं तिथे जातं आणि हलका कॅमेरा घेऊनही संध्याकाळी खांदा दुखतो. अशी खोल बॅग आधीच घरात असेल तर वेल्क्रोनं चिकटणारी गादीची एक पट्टी आडवी लावून मजला करा. खाली चार्जर, धूळ उडवायचा ब्लोअर अशा क्वचित लागणाऱ्या वस्तू आणि वर लेन्स. पुष्कळ बॅगांतल्या पट्ट्या मधोमध दुमडतात त्या याचसाठी, पण दुकानदार सहसा सांगत नाही.

लोकलपुरतं बोलायचं तर पट्टा तिरका घालून बॅग छातीवर घ्या, आणि चेन उघडली की झाकण तुमच्यापासून लांब पडेल अशी बॅग निवडा. झाकण अंगाकडे उघडत असेल तर गर्दीत ते मध्येच येतं आणि बॅगेत काय आहे हे तुम्हाला सोडून बाकी सगळ्यांना दिसतं. पाण्याची बाटली हवी असेल तर तिच्यासाठी बाहेरचा कप्पा असलेली पाच-सहा लिटरची घ्या. बाटली आणि कॅमेरा एका कप्प्यात नकोतच.

तरी एक विचारतो. रस्त्यावर फिरताना लेन्स खरंच किती वेळा बदलता? ३५ लावून निघालात आणि १५-४५ घरी ठेवलीत, तर बॅगेचा प्रश्नच निम्मा होतो.

प्रश्न : पावसाळ्यात ट्रेक करतो. ऑलिंपस ई-एम५ मार्क ३ आणि १२-४५ एफ/४. ट्रेकिंगची ४० लिटरची सॅक आहे. वेगळी कॅमेरा सॅक घ्यावी का? (नाशिक)

घेऊ नका. कॅमेरा ४१४ ग्रॅम, लेन्स २५४ ग्रॅम. पाऊण किलोही न भरणाऱ्या सामानासाठी तुम्ही जी जाड गादीची सॅक घ्याल ती रिकामीच दीड किलोची असू शकते. शिवाय कॅमेरा सॅकचा कमरपट्टा आणि पाठ ट्रेकिंगच्या सॅकइतकी चांगली क्वचितच असते. दोरी, जेवण, स्वेटर ठेवायला जागा नाही ते वेगळंच.

तुम्हाला हवा आहे फक्त आतला डबा, म्हणजे कप्पे असलेलं, वरून चेन लागणारं गादीचं खोकं. तो सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवायचा. चालताना कॅमेरा हाताशी हवा असेल तर सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर अडकवायची क्लिप मिळते. पीक डिझाइननं २०११ साली 'कॅप्चर' आणली, आता तशा इतरही मिळतात. तुमच्या कॅमेऱ्याला आणि या लेन्सला दोन्हीला पाण्यापासून संरक्षण आहे, त्यामुळे भुरभुर पावसात क्लिपवर राहिला तर चालेल. पण सोबत ४५ एफ/१.८ लावलीत तर ती सवलत गेली. त्या लेन्सला सील नाही.

हरिहरसारख्या ठिकाणी मात्र कॅमेरा आतच. उभ्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत असतात. छातीवर लटकणारी कुठलीही वस्तू, मग क्लिप असो की स्लिंग (तिरक्या पट्ट्याची छोटी बॅग), पायरी आणि तुमच्यामध्ये येते. वाकलात की तिरक्या पट्ट्याची बॅग घसरून पुढे झुलते, आणि तोल नेमका तेव्हाच जातो.

आता पाऊस. सॅकवरचं रेनकव्हर पुढून वाचवतं. मुसळधार पावसात पाणी मानेवरून ओघळून पाठ आणि सॅक यांच्या मधून आत शिरतं, आणि तिथे कव्हर नसतंच. कापडाला आतून लेप असला तरी शिवणीची भोकं आणि चेन झिरपतात. म्हणून संरक्षण आतून हवं. तोंड तीनदा गुंडाळून बक्कल लावायची ड्रायबॅग घ्या आणि गादीचा डबा त्यात घाला. ती नसेल तर जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तोंड पिळून रबरबँड. गडावर पोहोचल्यावर ओल्या हातांनी ती उघडू नका, हात पुसायचा कोरडा पंचा वेगळ्या पिशवीत असू द्या.

प्रश्न : गादी किती जाड असावी? जास्त जाड म्हणजे जास्त सुरक्षित ना? (पुणे)

एका मर्यादेपर्यंतच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया इन्क्वायररचे छायाचित्रकार जिम डॉम्की यांनी १९७०च्या दशकात स्वतःसाठी जी बॅग बनवली तिच्या कापडी बाजूंना जवळजवळ गादी नव्हती. जाड सुती कॅनव्हास, कमरेला चिकटून बसणारी, हात घालताच वस्तू मिळणारी. वृत्तछायाचित्रकारांनी ती वर्षानुवर्षं वापरली. बॅग अंगाला चिकटून राहिली की आपटतच नाही. फुगीर बॅग दारांना आणि माणसांना धडकत जाते. छोट्या सिस्टमसाठी, म्हणजे हलका कॅमेरा आणि त्याच्या लेन्ससाठी, तळाला सात-आठ मिमी फोम आणि बाजूंना त्याहून पातळ एवढं मला पुरेसं वाटतं. तळ मात्र नीट तपासा, कारण बॅग खाली ठेवताना दणका तिथेच बसतो. दुचाकीच्या डिकीत किंवा एसटीच्या वरच्या फळीवर ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे जाड गादी हवीच.

प्रश्न : कॅमेरा बॅगेतच, कपाटात ठेवतो. मागच्या पावसाळ्यात एका लेन्सच्या आत जाळं दिसलं. बॅग चांगल्या कंपनीची आहे. (रत्नागिरी)

कंपनीचा दोष नाही, फोमचा स्वभावच तो. फोम आणि कापड हवेतला ओलावा धरून ठेवतात, बंद बॅगेत अंधार असतो आणि हवा खेळत नाही. बुरशीला याहून काय हवं? बॅग प्रवासासाठी असते, मुक्कामासाठी नाही. जून ते ऑक्टोबर कॅमेरा आणि लेन्स झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आत स्वस्तातलं आर्द्रता मोजायचं यंत्र टाका आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बघा. सिलिका जेलचा रंग बदलला की जुन्या पातेल्यात मंद आचेवर तापवा, पुन्हा कामाला येतं. पातेलं मात्र नंतर स्वयंपाकाला वापरू नका. रिकामी बॅग ऊन पडेल तेव्हा चेनी उघड्या टाकून वाळवा. लेदरच्या केसवर बुरशी लवकर धरते, तिला डब्यात जागा देऊ नका. जाळं धरलेली लेन्स साफ होईपर्यंत बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

प्रश्न : दरवर्षी पालखीचे फोटो काढते. कॅमेऱ्याची बॅग घेतली की लोक 'प्रेसवाल्या का?' विचारतात आणि पोझ देऊ लागतात. साधी शबनम वापरली तर? (सातारा)

वापरा की! छोट्या सिस्टमचा हाच तर फायदा आहे. ऑलिंपस ई-एम१० किंवा फुजीफिल्म एक्स-टी३० एवढा कॅमेरा आणि एक-दोन बुटक्या लेन्स शबनममध्ये सहज मावतात आणि तुम्ही वारीतल्या दुसऱ्या कुणाहीसारख्या दिसता.

दोन दुरुस्त्या करून घ्या. शबनमला तळ नसतो, सगळं एका कोपऱ्यात गोळा होतं. गादीचा छोटा डबा आत ठेवा किंवा जुन्या योगा मॅटचे तुकडे कापून बॅगा शिवणाऱ्याकडून तळ आणि एक मधली भिंत शिवून घ्या. दुसरं, तोंडाला चेन लावून घ्या. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण असतं तेव्हा रेटा असा येतो की आपला हात आपल्याला सापडत नाही, उघडी पिशवी तिथे चालायची नाही. पट्टा एका खांद्यावरून नको, तिरका घ्या आणि त्यासाठी लागेल तेवढा लांब करून घ्या. शबनमचा अरुंद पट्टा तासाभरानं रुततो, खाली दोन इंची सुती निवार जोडली तर बरं. धूळ आणि सर दोन्हींसाठी डबा प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या. लेन्स बदलायचीच असेल तर मुक्कामी बदला.

प्रश्न : सोनी ए६४०० घेऊन विमानानं लेहला जाणार आहोत. कॅमेरा चेक-इनच्या बॅगेत दिला तर केबिनचं वजन वाचेल का? (ठाणे)

वजन वाचेल, पण कॅमेरा वाचेलच असं नाही. शिवाय सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालतच नाहीत, त्या केबिनमध्येच हव्यात. तुमच्या कॅमेऱ्याची बॅटरी साधारण सात वॉट-तासांची, मर्यादा प्रत्येकी शंभरची, तेव्हा तिची काळजी नको. फक्त टोकं उघडी ठेवू नका, प्रत्येकीला टोपी किंवा वेगळी पिशवी. देशांतर्गत इकॉनॉमीत केबिन बॅगेला बहुधा सात किलोची मुभा असते. कॅमेरा, दोन लेन्स आणि छोटा डबा मिळून दीड किलोच्या आतच राहील. तो डबा केबिनमध्ये न्यायच्या कपड्यांच्या सॅकमध्ये ठेवा आणि लेहला उतरल्यावर स्लिंगमध्ये हलवा. रिकामी स्लिंग घडी होऊन सॅकच्या तळाशी जाते.

प्रश्न : विद्यार्थी आहे, खिशात दोन हजार. ब्रँडेड बॅगेसाठी थांबू का? (कोल्हापूर)

थांबू नका. गादीचा डबा विकत घ्या आणि कॉलेजच्याच सॅकमध्ये टाका. उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी येईल, तिचा उपयोग ब्रँडच्या शिक्क्यापेक्षा जास्त होईल. दुकानात जाऊन बॅगच घ्यायची असेल तर स्वतःचा कॅमेरा सोबत न्या, बॅग भरा, खांद्यावर घ्या आणि चेन एका हातानं उघडून बघा. वळणावर अडकणारी चेन पुढे सुधारत नाही. पट्टा जिथे बॅगेला शिवलाय ती जागा उलटून बघा. एकच सरळ शिलाई असेल तर तसंच परत ठेवा, चौकोनात फुलीची शिलाई असेल तर भाव करायला हरकत नाही.