लँडिंग नव्हे हो, लेडिंग!

प्रश्न असा आलाय की 'बिल ऑफ लँडिंग'ला मराठीत 'बिल्टी' म्हटलं तर चालेल का, आणि त्याला 'मालकीचा दस्तऐवज' का म्हणतात. आधी ते लँडिंग काढा बघू! एक्स्पोर्टच्या क्लासात, क्लिअरिंगवाल्यांच्या तोंडी, आता व्हिडिओंतसुद्धा हेच ऐकू येतं आणि डोकं उठतं. माल जहाजावर चढला याची ती पावती, उतरला याची नव्हे, म्हणजे अर्थ पार उलटाच की.

लेडिंग म्हणजे लादणं. आता लगेच कोणीतरी म्हणणार, 'लादणे' इंग्रजीतूनच आलं, नाहीतर इंग्रजांनी आपल्याकडून नेलं. दोन्ही थापा. तिकडचं 'लेड' जुन्या इंग्रजीतल्या 'ह्लादन'वरनं आलं (पळीला लेडल म्हणतात तेही त्यातलंच), आणि आपलं लादणे, भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश करणारे टर्नरसाहेब संस्कृत 'लर्द्'कडे नेतात. निव्वळ योगायोग!

खरी मजा 'बिल'मध्ये आहे. लॅटिन 'बुल्ला' म्हणजे बुडबुडा, त्यावरून कागदाला लटकवायचा गोल शिक्का, मग शिक्क्याचा कागदच, पोपचं फर्मान 'पेपल बुल' ते यातलंच, आणि फ्रेंचांकडून आलेलं 'बिलेट' म्हणजे चिठ्ठी तेही. बिल्टी या बिलेटवरनं आली असं हिंदी कोशवाले म्हणतात ते मला पटतं. 'बिल ऑफ लेडिंग' झिजून बिल्टी झालं म्हणणाऱ्या विद्वानांनी तो 'ट' कुठून आणला ते आधी सांगावं. हमालाच्या छातीवरचा बिल्लाही या बुल्लाच्याच गोतावळ्यातला असणार हा माझा लाडका तर्क, हसायचं तर हसा.

हां, मालकी. 'डॉक्युमेंट ऑफ टायटल'चं 'मालकीचा दस्तऐवज' हे भाषांतर वाचलं की माणसाला सातबारा आठवतो, तिथंच घोळ होतो. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 2(4) उघडा, त्यात बिल ऑफ लेडिंग, डॉक वॉरंट, वखारवाल्याचा दाखला, रेल्वे रिसीट अशी नावं आहेत, पण कसोटी मालावरचा ताबा किंवा नियंत्रण ही आहे, मालकी नव्हे. बोट भर समुद्रात असताना कागदाच्या पाठीवर सही करून माल विकायचा ही व्यापाऱ्यांची जुनी रीत, लिकबॅरो विरुद्ध मेसन खटल्यात 1794 साली लंडनच्या व्यापाऱ्यांच्या ज्युरीने ती मान्य केली. विमानाच्या एअरवेबिलला ही ताकद नाही, तो नुसता पावती-कम-करार. म्हणून मी 'मालताबापत्र' म्हणतो, परिभाषावाले चिडतील तर चिडू देत.

बिल्टीचं राहिलंच. ट्रकच्या कागदाला खुशाल म्हणा, बोटीच्या कागदाला नको, कारण एलआरचं (लॉरी रिसीट, म्हणजे हाच ट्रकचा कागद) त्या कलमात नावानिशी काही नाही आणि बऱ्याच एलआरवर तर 'नॉन-निगोशिएबल', म्हणजे पाठीवर सही करून दुसऱ्याच्या हवाली करता न येणारं, असं छापलेलंच असतं.