पात हिरवीगार, फूल मात्र नाही

वाचकांचे बागप्रश्न

थंडी ओसरली की कंदवर्गीय फुलझाडांबद्दल एकच तक्रार येऊ लागते: पहिल्या वर्षी फुलले, आता नुसती पात. लिली असो, डॅफोडिल असो की निशिगंध, मूळ मुद्दा सारखाच असतो, म्हणून हे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून लाल लिलीचा मोठा कंद आणला. मोठ्या फुलांची, अ‍ॅमरिलिस म्हणतात ती. पहिल्या मार्चमध्ये दोन दांडे, आठ फुले आली. त्यानंतर एकही नाही. कुंडी 12 इंची आहे, पाणी रोज घालतो, ओल्या कचऱ्याचे खतही भरपूर देतो. पाने दीड-दोन फूट लांब आणि तजेलदार आहेत. काय चुकते? (कोथरूड, पुणे)

उत्तर: पहिल्या वर्षीची फुले तुमच्या कुंडीत तयार झालेलीच नव्हती. कंद विकणाऱ्याच्या शेतात, त्याच्या आदल्या हंगामात ती कंदाच्या आत धरलेली होती. या लिलीचा (शास्त्रीय नाव हिप्पिअ‍ॅस्ट्रम) हिशेब ठरलेला आहे. कंदाच्या गाभ्यात साधारण चार पाने तयार झाली की एक फुलाचा कोंब धरतो, आणि तो बाहेर पडायला वर्षभर किंवा थोडा अधिक काळ लागतो. म्हणजे यंदा मार्चमध्ये काय दिसणार, हे गेल्या वर्षीच्या पानांनी ठरवलेले असते.

तुमच्याकडे पाने चांगली आहेत, मग फूल का नाही? पत्रातच तीन कारणे दिसतात.

पहिले, रोजचे पाणी. या झाडाला वर्षातून आठ ते दहा आठवडे कोरडी विश्रांती लागते. ती मिळाली नाही तर आत धरलेला कोंब तिथेच सुकतो आणि कंद पाने काढत राहतो. दुसरे, ओल्या कचऱ्याचे खत. त्यात नत्र (नायट्रोजन) भरपूर आणि त्या मानाने पालाश (पोटॅश) कमी. लांब, मऊ, लोळणारी पाने ही नत्र जास्त झाल्याची आणि ऊन कमी पडल्याची खूण आहे. तिसरे, 12 इंची कुंडी. एका कंदाला ती फार मोठी. मुळे पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते, आणि कंद ताकद पिल्ले काढण्यात घालवतो.

आता करायचे काय? आधी कंद मोजा. वरची माती बोटांनी बाजूला करा, सुतळीने घेर घ्या आणि सुतळी पट्टीवर धरा. घेर 20 सेंटीमीटरच्या खाली असेल तर यंदा फुलाची आशा धरू नका, एक वर्ष कंद पोसण्यात घालवा. 24 च्या वर असेल तर एक, कधी दोन दांडे यायला हरकत नाही. भोवती पिल्ले झाली असतील तर ज्यांना स्वतःची मुळे आहेत तेवढीच हाताने अलगद सोडवा. त्यांना फुलायला दोन ते तीन वर्षे लागतात, म्हणून वेगळ्या कुंडीत लावा आणि घाई करू नका.

मोठ्या कंदासाठी 7 किंवा 8 इंची कुंडी घ्या. कंद आणि कुंडीची कड यांत दोन-तीन बोटे जागा पुरते. मिश्रण असे: दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग जुने गांडूळखत, एक भाग जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा आणि मान मातीच्या वर राहिली पाहिजे. कंद पूर्ण गाडणे ही घरोघरी होणारी चूक आहे. मानेत पाणी साचते आणि कंद वरून कुजायला लागतो.

पुढचे वर्षभराचे वेळापत्रक पुण्याच्या हवेला धरून सांगतो. जून-जुलैत दर 15 दिवसांनी 19:19:19 खत (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले), एक लिटर पाण्यात 2 ग्रॅम. ऑगस्टपासून ते थांबवून 0:0:50 (सल्फेट ऑफ पोटॅश) त्याच प्रमाणात, तेही 15 दिवसांनी. ऑक्टोबर सरताना खत बंद. सकाळचे चार-पाच तास थेट ऊन मिळेल अशी जागा हवी. उत्तरेच्या गॅलरीत ही लिली जगते, पण फुलत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाण्यातले अंतर वाढवत न्या आणि डिसेंबर लागला की पाणी पूर्ण बंद करा. कुंडी आडवी करून आडोशाला ठेवली तर अवकाळी पाऊसही आत जात नाही.

या काळात पाने पिवळी पडून गळतील. गळू द्या. हिरवी असताना कापू नका, कारण पिवळे होईपर्यंत पानातला साठा कंदात उतरत असतो. काही पाने जानेवारीतही हिरवी राहिली तर बिघडत नाही. कंद फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला हल्ली बराच फिरतो. आपल्याकडे त्याची गरज नाही. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पुरेशा गार असतात, आणि फ्रिजमधल्या ओलाव्यात कंद सडण्याचीच भीती जास्त.

फेब्रुवारीच्या मध्यावर कुंडी उजेडात आणून एकदा सणसणीत पाणी द्या. मग कोंब दोन-तीन इंच वर येईपर्यंत वरचा थर सुकल्यावरच पाणी. मानेतून निघणारे टोक जाड, बोथट आणि किंचित एका बाजूने येत असेल तर तो दांडा. पातळ आणि चपटे असेल तर पान. फुले सुकल्यावर फक्त फुलांचा भाग खुडा, म्हणजे बी धरणार नाही. हिरवा दांडा मात्र ठेवा, तोही पानासारखेच अन्न तयार करतो.

प्रश्न: पावसाळ्यात लिलीच्या पानांवर काळ्या, ठिपकेदार अळ्या येतात आणि चार दिवसांत पात फस्त करतात. कंद जगतो, पण फूल येत नाही. (ठाणे)

उत्तर: ही लिलीवरच्या पतंगाची अळी. मादी पानांवर पुंजक्याने अंडी घालते, अळ्या घोळक्याने खातात आणि पाने संपली की मानेतून कंदात शिरतात. वर म्हटल्याप्रमाणे चार पानांमागे एक फूल असा हिशेब आहे, तेव्हा जुलैत गेलेली पाने म्हणजे पुढचा दांडाच गेला. पहिला पाऊस पडल्यापासून दर दोन दिवसांनी पानांच्या दोन्ही बाजू पाहा. अंड्यांचा पुंजका दिसला की तेवढा तुकडा कापून साबणाच्या पाण्यात टाका. अळ्या लहान असताना बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अळ्या मारणारे जिवाणूंचे औषध) पाकिटावरच्या प्रमाणात संध्याकाळी फवारा आणि आठवड्याने पुन्हा फवारा. उन्हात त्याचा जोर टिकत नाही, आणि मोठ्या अळ्यांवर ते फारसे चालत नाही. मोठ्या अळ्या वेचूनच काढाव्या लागतात. कोष मातीत असतात, म्हणून वरची इंचभर माती उकरून उन्हाला लागू द्या. पाने गेली तरी झाडाकडे दुर्लक्ष करू नका. सप्टेंबरपर्यंत नवी पात फुटते, आणि तिला खत-पाणी मिळाले तर एखादे वर्ष वाचते.

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. घरामागच्या हिरवळीत सहा वर्षांपूर्वी डॅफोडिलचे कंद लावले. पहिली दोन-तीन वर्षे मार्चमध्ये पिवळा गालिचा असे. आता गवतासारखी दाट पात येते आणि फुले दहा-बाराच. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही हिरवळ कापतो. (रेडिंग, इंग्लंड)

उत्तर: उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. डॅफोडिलचे पुढच्या वर्षीचे फूल कंदात धरायला सुरुवात होते ती मे-जूनमध्ये, पात मावळत असताना. नेमक्या त्याच वेळी तुमचे यंत्र पात कापून नेते. तिथले माळी अशा न फुलणाऱ्या कंदाला 'आंधळा' म्हणतात.

फुले सुकल्यावर किमान सहा आठवडे पात तशीच राहिली पाहिजे. मार्चअखेर फुले संपत असतील तर मेच्या मध्यापर्यंत थांबा. उशिरा फुलणाऱ्या जाती असतील तर जून उजाडेल. कंदांच्या पट्ट्यातले गवत तोवर वाढू द्या आणि बाकीची हिरवळ कापा. पातीच्या गाठी मारून किंवा वेण्या घालून ती नीटनेटकी दिसते खरी, पण पानाला ऊन लागत नाही, तेव्हा तेही टाळा.

दुसरे कारण दाटी. सहा वर्षांत एका कंदाचे पाच-सहा झालेले असतात, आणि अन्न-पाणी तेवढेच. जूनअखेर पात पिवळी झाली की काट्याच्या फावड्याने गड्डा पूर्ण उचला. माती झाडून कंद सुटे करा. मऊ लागतील ते बाजूला काढा: अंगठ्याने तळाशी आणि मानेशी दाबल्यावर दबणाऱ्या कंदात बहुधा डॅफोडिल माशीची अळी असते. ही माशी छोट्या भुंग्यासारखी दिसते आणि मे-जूनमध्ये सुकत्या पातीच्या बुडाशी अंडी घालते. एकच अळी कंद आतून पोखरून टाकते. असे कंद कंपोस्टमध्ये न टाकता नष्ट करा. पात सुकल्यावर तिथे पडणारी भोके मातीने बुजवून दाबली तर माशीला वाट सापडत नाही.

निरोगी कंद जाळीच्या पिशवीत, हवेशीर आणि कोरड्या जागी ठेवून सप्टेंबरमध्ये लावा. खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे 10 ते 15 सेंटीमीटर, आणि हलकी माती असेल तर 15 च. उथळ लावलेले कंद लवकर फुटून बारीक होतात. दोन कंदांत दोन कंद मावतील एवढे अंतर. फेब्रुवारीत पात वर येताना एका चौरस मीटरला 35 ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश टाका. हिरवळीचे नत्रयुक्त खत या पट्ट्यात पडू देऊ नका. लहान कंद पहिल्या वर्षी फुलणार नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतील.

एक गोष्ट वेगळी ओळखा. दांडा आला, कळीही आली, पण ती कागदासारखी तपकिरी होऊन वाळली, तर कंद आंधळा नाही. त्याला कळी भरताना पाणी कमी पडले. दुहेरी पाकळ्यांच्या जातींत हे जास्त होते. कोरड्या वसंतात आठवड्यातून एकदा खोल पाणी द्या.

प्रश्न: ट्युलिपचे कंद मागवले होते, जानेवारीत छान फुलले. ते कंद जपून ठेवलेत. पुढच्या वर्षी फुलतील का? (नाशिक)

उत्तर: स्पष्टच सांगतो: नाही, आणि त्यासाठी कष्टही घेऊ नका. ट्युलिपचा मूळ कंद दरवर्षी संपतो आणि त्याच्या जागी नवे लहान कंद तयार होतात. ते फुलण्याइतके मोठे व्हायला फुलांनंतर अनेक आठवडे गार हवा आणि हिरवी पाने लागतात. नाशिकला फेब्रुवारीतच ऊन तापते आणि पाने आधीच करपतात. अशा बारीक कंदातून पुढच्या वर्षी एकच रुंद पान येते. एकच पान दिसले की फूल नाही, असे खुशाल समजा. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याच्या बागेत मार्चअखेर दिसणाऱ्या फुलांमागे अख्खा हिमाळी हिवाळा उभा असतो.

नवे कंद आणाल तेव्हा आधीच थंडी दिलेले आहेत का, हे विक्रेत्याला विचारा. दिलेली नसेल तर सप्टेंबरच्या मध्यापासून 12 ते 14 आठवडे कागदी पिशवीत, फ्रिजच्या 4-5 अंशांच्या कप्प्यात ठेवा. त्या कप्प्यात सफरचंद, केळी, चिकू नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतच मरते. मग डिसेंबरअखेर लावून फुलांचा आनंद घ्या आणि नंतर कंद खतात टाका.

प्रश्न: अर्धा गुंठा निशिगंध आहे, चौथे वर्ष. ठोंब भरगच्च झालेत, दांडे फार कमी. (फलटण)

उत्तर: निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो, पुढचे दांडे त्याच्या पिल्लांना येतात. चौथ्या वर्षी पिल्ले एवढी झालेली असतात की एकालाही पोसायला जागा उरत नाही. तीन वर्षांनी लावण मोडायचीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तोडा, पात वाळली की ठोंब खणा, कंद सुटे करून दोन-तीन आठवडे सावलीत पसरा. लावायला 2 ते 3 सेंटीमीटर जाडीचे, टोकदार, टणक कंद निवडा. ज्याच्यावर जुन्या दांड्याचे वाळके खुंट आहे, तो फुलून गेलेला; तो घेऊ नका. बारके कंद वेगळ्या वाफ्यात वाढवा.

एप्रिल-मेमध्ये जागा बदलून, 30 सेंटीमीटर अंतरावर, 5 ते 7 सेंटीमीटर खोल लावा. अर्ध्या गुंठ्याला सव्वाशे ते दीडशे किलो कुजलेले शेणखत, आणि नत्र 1 किलो, स्फुरद 750 ग्रॅम, पालाश 1 किलो. स्फुरद आणि पालाश लावतानाच द्या, नत्र मात्र तीन हप्त्यांत. सगळे नत्र एकदम पडले की पात माजते. दिवसभर उन्हाची जागा हवी. शेवग्याच्या किंवा आंब्याच्या सावलीत दांडा येत नाही. लावल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांत पहिले दांडे दिसू लागतील.

प्रश्न: फुटबॉल लिली दरवर्षी उन्हाळ्यात काढून नव्या मातीत लावतो. दोन वर्षे लाल चेंडू आला नाही. (रत्नागिरी)

उत्तर: काढणे थांबवा. या कंदाला मुळे दुखावलेली चालत नाहीत, आणि जागा बदलली की तो वर्षभर रुसतो. कंदाचे टोक मातीच्या पातळीला ठेवून एकदा नीट लावा आणि चार-पाच वर्षे हात लावू नका. फुलानंतर येणारी रुंद पाने नोव्हेंबरपर्यंत सांभाळा. डिसेंबर ते एप्रिल कुंडी कोरडी ठेवा. पहिला वळीव पडला, किंवा तुम्ही एप्रिलअखेर पहिले पाणी दिले, की दांडा पानांच्या आधी वर येतो. त्या दिवसांत कुंडीत काहीच दिसत नाही म्हणून माती उकरून पाहू नका, कोंब तिथेच मोडतो.