विद्यापीठांतल्या संशोधनाचा सामान्य मुंबईकराला खरंच काही उपयोग होतो का?

प्रबंध ग्रंथालयात धूळ खातात, आपल्या रोजच्या जगण्यात त्यांचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. मी संशोधक नाही, फोर्टात हिशेबनीस आहे. मला नीट ठाऊक असलेलं एकच उदाहरण सांगतो.

२६ जुलै २००५. दुपारी तीनच्या सुमारास कलिन्याहून वहिनीचा फोन आला, "भावोजी, पाणी ओट्याला लागलंय, निघा लगेच." साहेबांना सांगितलं, तर त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. रिमझिम! म्हणाले, "दांडीच मारायचीय तर थाप तरी बरी मारा." त्यांचंही चुकलं नव्हतं म्हणा. २४ तासांत कलिन्याशेजारच्या सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि आमच्या फोर्टाजवळच्या कुलाब्याला जेमतेम ७४. हवामान खात्याची शहरातली मोजणी होती ती याच दोन ठिकाणी. मधल्या मुंबईत कुठे किती कोसळतंय, हे त्या घडीला कुणालाच सांगता येत नव्हतं.

पुढच्याच पावसाळ्यात आयआयटी मुंबई आणि महापालिकेने मिळून ३५ स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, बरेचसे अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर. दर १५ मिनिटांनी आकडा. सगळी गंमत या १५ मिनिटांत आहे. कालची बेरीज आज सकाळी साडेआठला कळून काय उपयोग? आपले सखल भाग तासाभराच्या सरीतही भरतात. शिवाय जागा बघा ना, फायर ब्रिगेडवाले रात्रीही जागे असतात आणि पाण्यात उतरायची वेळ आली की पहिले तेच जातात.

धुळीबद्दल मात्र तुम्ही अगदीच चुकीचं बोलत नाही. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३चा. तो सल्लागारांचा, विद्यापीठाचा नव्हे, पण दुखणं तेच. जुने नाले तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेले, तेही ओहोटी धरून. ते ५० मिमीला पुरतील असे करा, असं त्यात सुचवलं होतं. कामाने वेग घेतला तो शहर बुडाल्यावर, बारा वर्षांनी. पैसे कोण आणि कधी देणार, हे गणित अहवाल लिहिणाऱ्याच्या हातात नसतं.

हल्ली आमच्याकडे पाऊस वाढला की नव्या मॅडम महापालिकेच्या साइटवरचे आकडे बघतात आणि कुर्ला-चेंबूरवाल्यांना आधी सोडतात. मला नाही सोडत. मी आता डोंबिवलीला राहतो, आणि त्या यादीत डोंबिवली येत नाही.