३६ इंची युनिसायकलवर १०० किमी: क्रँकआधी सीटचं बघा

२४ इंची चाकाच्या युनिसायकलवर (एकचाकी सायकलवर) १५ किमी जमतात, आता ३६ इंची घेऊन १०० गाठायचे आहेत, तर क्रँक (पेडल चाकाला जोडणारे दांडे) किती लांबीचे घ्यावेत, हा तुमचा प्रश्न. थोडक्यात उत्तर: सुरुवातीला १५० मिमी, चढणं-उतरणं अंगवळणी पडलं की १२५. दोन्ही मापांना पेडल लावायची भोकं असलेले क्रँक मिळाले तर तेच घ्या. १०० मिमी सपाट रस्त्यावर झकास पळतात, पण चढावर आणि थांबताना गुडघ्यांची परीक्षा बघतात.

हिशोब असा. ३६ इंची चाक एका फेरीत सुमारे २.८७ मीटर जातं. मिनिटाला १०० फेऱ्या म्हणजे ताशी १७ किमी. १०० किमीला जवळपास ३५ हजार फेऱ्या, आणि हब (चाकाचा मधला भाग) फिक्स्ड, म्हणजे चाक फिरलं की पेडलही फिरणारच, असल्यामुळे उतारावरही पायांना सुट्टी नाही. क्रँक लांब असले की पायांचं वर्तुळ मोठं होतं आणि वेगात माणूस सीटवर उसळायला लागतो. म्हणून १२५. श्लुम्फ ब्रँडच्या गिअरवाल्या हबचा विचार आत्ता नकोच. इंग्लंडच्या एड प्रॅटने २०१५ ते २०१८ दरम्यान साध्या ३६ इंचीवर, सामानासकट जगप्रदक्षिणा केली.

पण पाय दमण्याआधी बूड बोलायला लागतं. सायकलवर हातही थोडा भार घेतात. इथे जवळजवळ सगळा सीटवर. त्यामुळे पुढे हँडल हवंच. त्यावर रेलून दर काही मिनिटांनी दहा-पंधरा सेकंद सीटवरून उठायचं. सीटचं नाक किंचित वर ठेवा. खाली झुकलं तर तुम्ही पुढे घसरता आणि नाजूक जागी दाब येतो. पॅडवाली शॉर्ट्स आतल्या कपड्याशिवाय घाला. बधिरपणा जाणवला की लगेच उतरा, "पुढच्या गावापर्यंत" नको.

उतारांसाठी ब्रेक बसवा, नाहीतर उलटा जोर देऊन मांड्या संपतात. ब्रेक हलका, अखंड दाबायचा. झटका दिलात तर थेट पुढे पडाल.

रस्ता कडेला उतरता असेल आणि चाक एका बाजूला ओढत असेल, तर आधी हवा तपासा. कमी हवेत ही ओढ वाढते, कंबर पिळवटते.

आणि सीट उलटी बसवून चालवू नका. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सीट उलटली की पेडलांच्या बाजू बदलतात, मग पेडल हळूहळू सैल होतं आणि क्रँकचे आटे खाऊन टाकतं.