गोव्याला जातोय, रमी-तीन पत्ती येते. ब्लॅकजॅकचे नियम एका संध्याकाळी शिकता येतील का?

येतील, आणि अर्धी संध्याकाळ उरेल. ताईच्या नवऱ्याला मी जेवण आणि आइस्क्रीमच्या मधल्या वेळात शिकवला. घरातला पत्त्यांचा जोड आणि पैशांऐवजी वाटीभर चिंचोके, एवढंच सामान लागलं.

आधी रमी-तीन पत्तीची सवय बाजूला ठेवा. इथे सिक्वेन्स नाही, बंद पत्त्यांवर दमदाटी नाही, इस्पिक-बदामाला काही किंमत नाही. टेबलावर सात जण बसले असले तरी प्रत्येकाचा डाव एकट्या डीलरशी, म्हणजे कॅसिनोच्या वतीने पत्ते वाटणाऱ्याशी. दुर्रीपासून दश्शीपर्यंतची पानं आपापल्या आकड्याची, गुलाम-राणी-राजा प्रत्येकी १०, आणि एक्का १ किंवा ११, जो सोयीचा पडेल तो. एक्का आणि छक्की म्हणजे १७. त्यावर नव्वी आली तर एक्का गुपचूप १ होतो आणि बेरीज १६ वर येते.

पैसे लावून झाले की तुम्हाला दोन पानं मिळतात. डीलरलाही दोन, पण त्यातलं एकच उघडं. (काही टेबलांवर तो दुसरं पान सगळ्यांचं खेळून झाल्यावर घेतो.) तुम्ही हवी तेवढी पानं मागायची किंवा थांबायचं. २१ च्या वर गेलात की बाद. सगळ्यांचं झालं की डीलर खेळतो, आणि त्याला स्वतःचं डोकं चालवायची मुभा नाही: १६ पर्यंत पान घ्यायचंच, १७ ला थांबायचं. एक्का ११ धरून झालेल्या १७ वर काही ठिकाणी तो आणखी एक घेतो. तुमची बेरीज जास्त असेल तर लावले तेवढेच वर मिळतात, सारखी असेल तर आपले आपल्याला परत. पहिल्या दोनच पानांत एक्का आणि १० चं पान आलं तर तो ब्लॅकजॅक. तीन पानांत जमवलेल्या २१ पेक्षा तो वरचढ.

नियम संपले. आता मुद्द्याचं. सगळे सांगतात, ‘२१ च्या जवळ जायचं.’ नवखा माणूस याच वाक्यापायी बुडतो.

भाऊजींकडे राजा आणि दुर्री होती, म्हणजे १२. डीलर मी, माझी उघडी छक्की. "बारा म्हणजे काय, काहीच नाही," म्हणत त्यांनी पान मागितलं. आली राणी. २२. मी चिंचोके ओढून घेतले. मग माझं पालथं पान उलटलं तर दश्शी, म्हणजे १६. पुढचं घ्यावंच लागलं, आली अठ्ठी. २४.

"म्हणजे तूही उडालीस! दे माझे चिंचोके परत."

नाही भाऊजी. तुम्ही आधी उडालात.

कॅसिनोची कमाई मुख्यतः याच फटीतून होते. दोघंही बाद झाले तरी पैसे डीलरचे, कारण तुम्हाला आधी खेळावं लागतं. म्हणून आपल्या बेरजेकडे बघण्याआधी त्याच्या उघड्या पानाकडे बघा. छक्की दाखवणारा डीलर १०० पैकी साधारण ४२ वेळा बाद होतो. त्याच्याकडे चव्वी, पंजी किंवा छक्की दिसली आणि तुमच्याकडे १२ ते १६ असेल तर गप्प बसा, त्याला उडू द्या. दुर्री-तिर्री दिसली तरी तेच, फक्त १२ वर एक पान घ्या. सत्ती किंवा वरचं काही दिसलं तर मात्र १७ होईपर्यंत घेत राहा. १६ वर पान मागताना पोटात गोळा येतो, कारण १३ पैकी ८ प्रकारची पानं तुम्हाला उडवतात. तरीही घ्यायचं; थांबून नुकसान त्याहून जास्त.

ही बेरीज-वजाबाकी अमेरिकी सैन्यातल्या चार जणांनी साध्या डेस्क कॅल्क्युलेटरवर केली आणि १९५६ मध्ये छापली. नियम बरे असतील आणि ती पाळली तर कॅसिनोचा वाटा सरासरी १०० रुपयांमागे ५० पैशांच्या आसपास राहतो. मनाने खेळलात तर कितीतरी जास्त.

पहिल्या दोन पानांवर पैसे दुप्पट करून एकच पान घेता येतं. ११ झाले आणि समोर एक्का नसेल तर डोळे मिटून करा. सारखी पानं आली तर तेवढेच पैसे आणखी लावून दोन डाव करता येतात: एक्के आणि अठ्ठ्या फोडा, १० ची पानं आणि पंज्या कधीच नाही. डीलरचं उघडं पान एक्का असलं की तो ‘इन्शुरन्स’ विचारेल, म्हणजे त्याचं पालथं पान १० चं निघेल अशी वेगळी पैज. घेऊ नका. एका जोडात उरलेल्या ५१ पानांत १० ची १६ असतात, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि जुळलं तर मिळतं लावलेल्याच्या फक्त दुप्पट.

बसण्याआधी टेबलाच्या कापडावर काय छापलंय ते वाचा. ब्लॅकजॅकला ३:२ असेल तर हजारावर १५०० मिळतात, ६:५ असेल तर १२००. ६:५ च्या टेबलावरून उठलेलं बरं.

पैसे डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. पान हवं तर बोटाने टेबलावर टकटक, नको तर तळवा आडवा फिरवा. पानांना हात लावायचा नाही; आपल्याकडे पत्ते हातात धरायची खोड असते, तिथे ओरडा बसतो. वय २१ पूर्ण हवं. मोबाइलवर पैसे लावून सराव करायचा विचार असेल तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तो मार्ग बंद केलाय. चिंचोकेच बरे.

भाऊजी अजूनही दोन राजे आले की फोडतात. वाटी आता माझ्याकडे असते.