दिव्यांग कोट्यातून सरकारी नोकरीत आहे, ऑफिसमधल्या घोटाळ्याची तक्रार नाव न देता करता येईल का? नंतर काय त्रास होतो?

तुम्ही लिहिलंय की पोलिओ आहे, नोकरी लागून चारच वर्षं झालीत आणि खरेदीच्या फाइलीत गडबड दिसतेय. नाव न देता जमेल का, तर नाही जमणार. इतरांना जमेल कदाचित, तुम्हाला-मला नाही.

मी एका नगरपरिषदेत क्लार्क आहे, गाव सांगत नाही. डाव्या पायाला मांडीपर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी धातूची पट्टी, आणि एक कुबडी. तक्रार टाकायला मी मुद्दाम तालुका सोडून लांबच्या पोस्टात गेलो, रजिस्टर केलं, पाठवणाऱ्याचं नाव भलतंच टाकलं, स्वतःला फार हुशार समजत होतो. आठ दिवसांत ऑफिसात कुजबूज सुरू. झालं होतं असं की पोस्टाच्या रांगेत आमच्या शिपायाचा साडू उभा होता, त्याला माझं नाव-गाव काही माहीत नाही, पण कुबडी आणि बसताना कॅलिपरचं लॉक उघडल्याचा तो खट्ट आवाज एवढं त्याच्या बरोब्बर लक्षात राहिलं. दोन धड पायांचा माणूस पोस्टात गेला तर कुणाच्या बापाला आठवत नाही.

प्रकरण सांगतो. नगरपरिषदेला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात हे तुम्हाला माहीतच असेल. मार्चएंडला त्या पैशातून 40 तीनचाकी सायकली घेतल्या. बिल 40 चं, साठा रजिस्टरला 40, वाटपाचे फोटो 40. माझ्याकडे फाइल आली ती फक्त बिल काढायला, मी फोटो बघायचं कारण नव्हतं. पण एका फोटोत डाव्या हँडलच्या ग्रिपला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळलेली दिसली. मी सातवीपर्यंत अशाच सायकलवर शाळेत गेलोय, हाताने पेडल फिरवून फिरवून सगळ्यात आधी ग्रिपचं रबर सुटतं आणि मग आपण टेप गुंडाळतो. नव्याकोऱ्या सायकलला टेप कशाला? मग ती लाल टेप आणखी तीन फोटोंत सापडली, माणसं वेगळी, सायकल तीच. बसून मोजलं तर सगळ्या मिळून सायकली भरल्या 11. आणि लाभार्थ्यांच्या यादीत तिघं जण पूर्ण अंध. त्यांना हाताने चालवायची सायकल! यादी करणाऱ्याने नावापुढचा प्रकारसुद्धा वाचला नव्हता.

हे मला दिसलं कारण मी त्या सायकलवर बसलोय, याचा मला अजून अभिमान आहे, असो.

त्रास काय झाला ते विचारलंत. मारहाण-धमक्या काही नाही. माझं टेबल तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर रेकॉर्ड रूमला हलवलं, ऑर्डरवर कारण 'प्रशासकीय सोय'. 44 पायऱ्या, लिफ्ट नाही, संडास खाली. मी दिवसभर पाणी प्यायचं बंद केलं, चार महिन्यांत लघवीचं इन्फेक्शन दोनदा. बायोमेट्रिक खाली असल्यामुळे उशीर व्हायचा नाही, पण टेबलावर पोचायला वेळ लागायचा, म्हणून 'जागेवर हजर आढळून आले नाहीत' अशा तीन नोटिसा. सगळं कागदावर नियमात. त्यांनी मला तक्रारदार म्हणून हातच लावला नाही, जे केलं ते पायाला केलं.

वर 2024 ला ते प्रशिक्षणार्थी आयएएस पूजा खेडकर यांच्या दिव्यांग सर्टिफिकेटचं प्रकरण गाजलं आणि सगळ्यांच्याच सर्टिफिकेटकडे संशयाने बघायचं वारं सुटलं, साहेबांच्या हातात आयतं कोलीत. पूर्ण ऑफिसातून फेरतपासणीला पाठवला कुणाला तर मला. सिव्हिलला पाच खेपा, कधी डॉक्टर नाहीत, कधी बोर्डाचा दिवस बदललेला. आधी 58 टक्के होतं, नव्या तपासणीत 61 आलं. तक्रार केल्याने माझं अपंगत्व 3 टक्क्यांनी वाढलं असं मी आता हसून सांगतो, तेव्हा हसू येत नव्हतं.

पण खरं लागलं ते वेगळंच. चौकशी लागली आणि वाटलेल्या 11 सायकली पंचनाम्यासाठी परत मागवल्या. लाल टेपवाली सायकल ज्याला मिळाली होती तो बसस्टँडजवळ पेन-रुमाल विकतो. तो ती जमा करायला स्वतः चालवत आला आणि परत जाताना त्याचा पुतण्या त्याला पाठीवर घेऊन गेला. माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, जुनी का असंना, होती ना." याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. पुढचं वाटप वर्षभर बंद, दिव्यांग संघटनेतले मित्र बोलेनासे झाले. पेपरवाले अशा माणसाला 'जागल्या' म्हणतात, आमच्याकडे 'कळलाव्या' म्हणाले.

कायद्याचं म्हणाल तर जागल्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 ला संसदेत पास झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि अजून लागू केलेला नाही. लागू असता तरी त्यात निनावी तक्रार घेतच नाहीत. त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. कामाला आला तो 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. कलम 20 खाली कामाच्या जागी सोय करून देणं ऑफिसवर बंधनकारक आहे, कलम 23 खाली प्रत्येक सरकारी ऑफिसात तक्रार निवारण अधिकारी हवा आणि त्याने तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. आमच्याकडे तो अधिकारी नेमलेलाच नव्हता, हे मी माहिती अधिकारात लेखी काढलं आणि तो एक कागद जोडून पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयाला अर्ज केला, तेव्हा टेबल खाली आलं. सायकलींमुळे नाही, जिन्यामुळे. घोटाळ्याची आणि जागेची तक्रार कधीच एका अर्जात घालू नका, मी आधी घातली होती, सात महिने फुकट गेले.

आमचे थोरले बंधू तेव्हापासून एकच म्हणतात, "कोट्यातून लागलास, गप्प बसायचं होतं." तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा 2010 ला कसा खून झाला ते मला दर सणाला ऐकवतात. भीती मी समजू शकतो, मला लहानपणी खांद्यावर घेऊन दवाखान्यात त्यांनीच नेलंय. पण कोटा म्हणजे उपकार नाही हो दादा. परीक्षा दिली, मेरिटमध्ये आलो, पगार कामाचा घेतो, गप्प बसायचा नाही. तुमच्या घरीही कुणीतरी हेच म्हणत असणार, म्हणून तर तुम्ही अनोळखी लोकांना विचारताय. त्यांना सांगा की गप्प बसणाऱ्यांचीपण टेबलं हलतात.

आता हे आधी लिहायला हवं होतं. मी कायम नोकरीत आहे, बायको शिक्षिका आहे, म्हणून परवडलं. तुम्ही कंत्राटी असाल किंवा घरात एकच पगार असेल तर थांबा, कागद जमवा, घाई नको. मूळ फाइल घरी आणू नका, चोरीचा आळ येतो, माहिती अधिकारातून नक्कल काढा, तीही दुसऱ्या कुणाच्या नावाने. सर्टिफिकेट, युडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि नेमणुकीच्या वेळचे मेडिकलचे कागद यांचे तीन सेट आजच काढून ठेवा, एक घराबाहेर.

माझ्या चौकशीचं विचाराल तर पुरवठादाराकडून थोडी वसुली, एकाची वेतनवाढ रोखली, संपलं. मी सध्या तळमजल्यावर जन्म-मृत्यू विभागात आहे. खिडकीतून गोडाऊनचं शटर दिसतं, 11 सायकलींपैकी 10 परत गेल्या. लाल टेपवाली पुरावा म्हणून आत आहे, ती सोडवायचा चौथा अर्ज मी गेल्या आठवड्यात दिलाय, पोच घेतली आहे.